पाठ झाले, पण वाचता आले का?



गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. विहारातली सकाळची वंदना आटोपली होती. आम्ही दोघे-तिघे सतरंज्या गुंडाळत होतो. तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या एक ताई आपल्या मुलाचा हात धरून आत आल्या. चार घरची धुणीभांडी करून संसार ओढणारी बाई. मुलगा तिसरीत. ताई कौतुकाने म्हणाल्या, "भाऊ, पोरगं बघा कसं फडाफडा वाचतं. बापाला नाही आलं, मला नाही आलं, पण ह्याला आलं."

मुलाने दप्तरातून पुस्तक काढले, धड्याचे पान उघडले आणि खरोखरच फडाफडा वाचायला सुरुवात केली. एकही शब्द अडला नाही. पण माझे लक्ष त्याच्या डोळ्यांकडे होते. तोंड धड्यातल्या ओळी म्हणत होते आणि डोळे मात्र विहाराच्या छताच्या पंख्याकडे लागले होते. मी त्याला थांबवले, पान तेच ठेवले आणि मधल्याच एका ओळीवर बोट ठेवून म्हणालो, "बाळा, इथून वाच." मुलगा गप्प. दुसऱ्या ओळीवर बोट ठेवले. पुन्हा गप्प. शेवटी त्याने हळूच विचारले, "काका, पहिल्यापासून म्हणू का?"

ताईंचा चेहरा पडला. मुलगा मुद्दामच हट्ट करतोय असे वाटून त्यांनी हात उगारला. मी तो हात धरला. कारण असा उगारलेला हात माझ्याही घरात एकदा उठला होता, आणि तो माझाच होता.

ती गोष्ट २०१९ सालची. माझी धाकटी मुलगी तेव्हा दुसरीत होती. मी बी.कॉम. झालेला, दिवसभर कचेरीत फायली वाचणारा आणि रविवारी वस्तीत शिक्षणावर भाषणे करणारा माणूस. तिच्या प्रगतिपुस्तकावर चांगली श्रेणी होती. मी सही केली आणि विषय संपवला. एके दिवशी तिला घेऊन टिटवाळ्याला बहिणीकडे निघालो. कल्याणला गाडीत बसलो. पहिले स्टेशन आले. मी सहज विचारले, "वाच बघू, कुठलं स्टेशन आलं?" ती पाटीकडे बघून ठणकावून म्हणाली, "ठाकुर्ली!"

समोर पाटीवर लिहिले होते 'शहाड'. तीन अक्षरे आणि एक काना. पण माझ्या मुलीला मुंबईकडे जाणाऱ्या गाडीची स्टेशने क्रमाने पाठ होती. कल्याणनंतर ठाकुर्ली, मग डोंबिवली. गाडी दुसऱ्या दिशेला निघाली होती, हे तिच्या लक्षातच आले नाही. अक्षरांचेही तसेच झाले होते. 'क ख ग घ' क्रमाने येत होते, पण मधलेच अक्षर कोणी विचारले की गाडी बंद.

घरी आल्यावर मी काय करावे? पुस्तक घेऊन बसलो, एका शब्दावर पाच वेळा ओरडलो आणि सहाव्या वेळी हात उचलला. पुढचे पंधरा दिवस मी घरात आलो की ती पुस्तक मिटून आईच्या मागे जाऊन बसायची. हे लिहिताना आजही लाज वाटते. पण समाजाला उपदेश करणाऱ्याने आपल्या घरची चूक आधी सांगावी, म्हणून सांगतो.

ती चूक सुधारली माझ्या पत्नीने. तिचे शिक्षण सातवीपर्यंत. तिने पुस्तक बाजूलाच ठेवले. भाकरी थापताना ती मुलीला जवळ बसवायची आणि विचारायची, "आपल्या घरात 'म' पासून सुरू होणारं काय काय आहे?" मुलगी डबे धुंडाळायची. मीठ, मिरची, मोहरी, मसाला. मग परातीत पीठ पसरून तिच्या बोटाने 'म' काढून घ्यायची. चार दिवस 'म', मग 'न', मग 'स'. दिवाळीपर्यंत मुलगी डब्यावरची, दुकानावरची नावे वाचू लागली. बी.कॉम. बापाला न जमलेले सातवी शिकलेल्या आईला जमले, कारण तिने घाई केली नाही आणि मारले नाही.

हे एकट्या माझ्या घरचे किंवा त्या ताईंच्या घरचे दुखणे नाही. 'प्रथम' या संस्थेतर्फे २००५ पासून 'असर' नावाची पाहणी होते. गावोगावी घरी जाऊन मुलांकडून साधा मजकूर वाचून घेतात. २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २३.४ टक्के निघाली. २०२२ मध्ये, कोरोनात शाळा बंद राहिल्यानंतर, हेच प्रमाण १६.३ टक्के होते. म्हणजे सुधारणा झाली हे खरे, तरी चारांपैकी तीन मुले मागेच आहेत. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आले पाहिजे, हे ध्येय ठेवून केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू केले आणि त्यासाठी २०२६-२७ पर्यंतची मुदत ठरवली.

तिसरीच का? कारण पहिली-दुसरीत मूल वाचायला शिकते आणि पुढे वाचून शिकते. तिसरीपासून परिसर अभ्यास आहे, गणितातली शाब्दिक उदाहरणे आहेत. ज्याला वाचता येत नाही त्याला हे सगळे विषय एकदमच बंद होतात. मग ते मूल मागच्या बाकावर जाते, मस्ती करते, 'ढ' ठरते आणि आठवी-नववीत शाळा सोडून नाक्यावर उभे राहते. आपण म्हणतो, पोराचे शिक्षणात मनच नव्हते. मन होते हो. त्याला अक्षर लागले नव्हते, आणि ते कोणी पाहिले नव्हते.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. महाडच्या चवदार तळ्यावर जाण्याच्या आठच दिवस आधी, १२ मार्च १९२७ रोजी, मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर ते बोलले. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त अठरा पोहोचतात आणि बाकीची पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी आकडे देऊन दाखवले. शाळेत आलेले मूल साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे आणि जन्मभर साक्षर राहिले पाहिजे, तरच प्राथमिक शिक्षणाचा हेतू साधला, असे त्यांचे म्हणणे होते. नुसते नाव घालण्याला त्यांनी शिक्षण मानले नव्हते. आपण मात्र मुलाचे नाव घातले, गणवेश घेतला, वह्या घेतल्या की सुटलो असे समजतो.

आता मुळाशी जाऊ. मुले पाठ का करतात? आपल्या मराठीत ळ धरून चौतीस व्यंजने आहेत. प्रत्येकाची बाराखडी करायची म्हटली तर चौतीस गुणिले बारा, म्हणजे चारशे आठ रूपे होतात. जोडाक्षरे वेगळीच. ही चारशे चित्रे पाठ करायला लावली तर मोठा माणूससुद्धा थकेल. पण 'काना म्हणजे आ' ही एक गोष्ट मुलाला उमगली, की चौतीस अक्षरांचा काना एकदम सुटतो. मग वेलांटी, मग उकार. किल्ल्या मोजक्याच आहेत, कुलुपे मात्र चारशे. आपण मुलाला किल्ली न देता कुलुपेच मोजायला लावतो.

त्यात आणखी अडचणी आहेत. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते, पण तिचा आवाज अक्षरानंतर येतो. 'सर्प' मधला रफार 'प' च्या डोक्यावर बसतो, पण म्हणायचा 'प' च्या आधी. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व ही अक्षरे दिसायला जवळजवळ सारखी. मुलाचा गोंधळ होतो तो मूर्खपणामुळे नव्हे. गोंधळण्यासारखेच तिथे काही असते.

म्हणून सगळी अक्षरे क्रमाने घोकून घेण्यापेक्षा थोडी अक्षरे घ्यावीत आणि लगेच त्यांचे शब्द करावेत. शाळांतले चांगले शिक्षक असेच शिकवतात. उदाहरणार्थ न, ळ, घ, र, प, स, म ही सात अक्षरे घ्या. एवढ्यांतच नळ, घर, रस, मन, पळ, सरळ हे शब्द तयार होतात. आता फक्त काना द्या. पान, रान, घास, साप, मासा, मामा, माळ, नारळ. सात अक्षरे आणि एक काना, आणि मुलाच्या हातात चौदा शब्द आले! आपण वाचू शकतो हा विश्वास त्याला पहिल्याच आठवड्यात मिळतो. आणखी एक. 'क ला काना का' असे प्रत्येक अक्षराला म्हणायला लावू नका. शब्दाच्या शेवटी पोहोचेपर्यंत मूल सुरुवात विसरते. सरळ 'का' म्हणू द्या.

भगिनींनो, तुम्ही म्हणाल, आम्हालाच वाचता येत नाही, आम्ही काय तपासणार? तपासता येते. पाचच मिनिटे लागतात.

पहिले, मूल वाचत असताना त्याच्या डोळ्यांकडे बघा. बोट आणि डोळे शब्दावर आहेत की नजर दुसरीकडे आहे? दुसरे, पानावरच्या चित्रावर हात ठेवा आणि मधल्या किंवा शेवटच्या ओळीपासून वाचायला सांगा. तिसरे, पानावर एकसारखे दिसणारे दोन शब्द शोधा. डाळीतले खडे निवडणाऱ्या डोळ्यांना हे अवघड नाही. एका ठिकाणचा शब्द विचारा, थोड्या वेळाने दुसऱ्या ठिकाणचा विचारा. दोन्ही वेळा मुलाने एकच शब्द सांगितला तर ते बहुधा वाचते आहे. वेगवेगळे सांगितले तर ते अंदाज करते आहे. ही परीक्षा घ्यायला अक्षरओळख लागत नाही.

मूल अडले तर काय करायचे? मी आमच्या अभ्यासिकेत आणि घरात जे करून पाहिले तेच सांगतो.

रोज पंधरा मिनिटे द्या, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या जागी. तेवढा वेळ टीव्ही आणि मोबाईल बंद. एका खोलीत सात माणसे असली तरी हे जमते. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सुभेदार रामजी रात्री दोनपर्यंत स्वतः जागत, मग मुलाला अभ्यासाला उठवून त्याच्या जागी आपण झोपत. लेकींचे दागिने गहाण ठेवून त्यांनी मुलाला पुस्तके आणून दिली हे आपण जयंतीच्या भाषणात दरवर्षी ऐकतो. सुभेदार स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते, आपण तसे नाही. पण वेळ आणि जागा काढून ठेवणे हे कोणत्याही आई-बापाला करता येते.

घरातल्या नावांपासून सुरुवात करा. मुलाला स्वतःचे, आईचे, बापाचे, आजीचे नाव वाचायला फार आवडते. शिधापत्रिका काढा, तिच्यात सगळ्यांची नावे आहेत. दुकानांच्या पाट्या, विहाराचा फलक, तेलाची पिशवी, हे सगळे फुकटचे पुस्तकच आहे.

मुलाला पाठ असलेल्या भीमगीताचे एक कडवे मोठ्या अक्षरात कागदावर लिहून द्या. त्याला ते म्हणता येतेच. म्हणताना प्रत्येक शब्दाखाली बोट सरकवायला सांगा आणि मध्येच थांबवून विचारा, "हा कुठला शब्द?" पाठ असणे वाईट नाही. पाठ असलेला शब्द कागदावर ओळखता आला, की तेच वाचन होते.

मुलाशी बोला. ज्या घरात आजी गोष्ट सांगते त्या घरातल्या मुलाजवळ शब्दांचा साठा असतो, आणि ओळखीचा शब्द वाचायला सोपा जातो. गोष्ट सांगायला साक्षर असावे लागत नाही. आणि मूल 'पाणी' ला 'पानी' म्हणाले तर लगेच टोकू नका. अर्थ कळला, शब्द वाचला, हे आधी. आपल्या घरची बोली ही चूक नाही. पुस्तकी उच्चार वाचता वाचता येतो.

मोबाईल घरात आहेच, तर त्याचा उपयोग करून घ्या. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही वाचायला ठेवले आहेत. 'स्टोरीवीव्हर'वर लहान मुलांच्या मराठी गोष्टी फुकट आहेत. मात्र मोबाईल मुलाच्या हातात देऊन उठून जाऊ नका. शेजारी बसा.

दोन-तीन महिने नेटाने करूनही मूल अडतच असेल तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळा दिसत नसलेली कितीतरी मुले 'ढ' म्हणून मार खातात. डोळे-कान ठीक असून अक्षरांचा गोंधळ कायम राहिला तर ती अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात तिच्या तपासणीची सोय आहे. यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही.

आता शाळेविषयी. शाळेशी भांडायला जाऊ नका, पण गप्पही बसू नका. शिक्षकांवर वर्गाबरोबर कागदपत्रांचाही भार असतो, हे कचेरीत काम करणाऱ्या मला चांगले कळते. म्हणून निकालाच्या गर्दीत न जाता साध्या दिवशी, वेळ विचारून जा. 'माझा मुलगा कसा आहे' असे विचारले तर 'ठीक आहे' एवढेच उत्तर येते. त्याऐवजी विचारा, "याला कुठली अक्षरे येतात, कुठली येत नाहीत? या आठवड्यात आम्ही घरी काय करून घेऊ?" नेमके विचारले की नेमके उत्तर मिळते.

दुसरे म्हणजे हक्काची गोष्ट. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असली पाहिजे. आपल्या किती भगिनी त्या बैठकीला जातात? सहीपुरते जाऊ नका. तिथे दोनच प्रश्न विचारा. तिसरीतल्या किती मुलांना वाचता येते? आणि गोष्टीची पुस्तके कपाटात कुलूपबंद आहेत की मुलांच्या हातात आहेत?

इंग्रजी माध्यमाच्या पालकांनाही हेच लागू आहे. फी भरली म्हणजे वाचता आले असे होत नाही. माध्यम कोणतेही असो, परीक्षा तीच. मधल्या ओळीवर बोट ठेवा.

त्या ताईंचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. मी त्यांना ती सात अक्षरे एका पुठ्ठ्यावर लिहून दिली. कामावरून आल्यावर त्या मुलाला घेऊन बसू लागल्या. परवा रविवारी विहारात आल्या. मुलगा अजून फडाफडा वाचत नाही. जोडाक्षर आले की थांबतो, वेलांटीला चुकतो. पण मधल्या ओळीवर बोट ठेवले तेव्हा त्याने छताकडे पाहिले नाही. एकेक अक्षर लावत त्याने 'नारळ' वाचले, मग 'सरळ' वाचले. मी शाबासकी दिली. तेवढ्यात ताई पुठ्ठा पुढे सरकवून म्हणाल्या, "भाऊ, हा घ आणि हा र. घर. मला पण आलं."

बंधु-भगिनींनो, माझे आजचे मागणे एवढेच. या रविवारी पाच मिनिटे काढा, आपल्या मुलाला जवळ बसवा आणि मधल्या ओळीवर बोट ठेवा. आले तर पाठ थोपटा. नाही आले तर हात उगारू नका, आणि उद्यावरही टाकू नका. पुढच्या अंकात जोडाक्षरांविषयी बोलू.

जयभीम.